फोर्ट कोचीत मुक्काम कुठे करावा: नाशिकहून गेलेल्या तिघांचा अनुभव

नाशिकरोडला बसल्यावर गाडी न बदलता थेट एर्नाकुलम जंक्शनला उतरवणारी मंगला एक्सप्रेस नसती, तर पंचाहत्तरी ओलांडलेल्या सासूबाईंना घेऊन केरळात जाण्याचा विचार आम्ही केला नसता. जानेवारीत मी, माझे यजमान आणि सासूबाई असे तिघे पाच रात्री फोर्ट कोचीत राहिलो. तिथे काय पाहावे याची माहिती सहज मिळते. राहावे कुठे, हे मात्र कोणी नीट सांगत नाही. आम्ही त्यात एकदा चुकलो, तिसऱ्या दिवशी जागा बदलली आणि त्यानंतरच तो गाव आम्हाला खऱ्या अर्थाने भेटला. नाशिकहून पुढे जाणाऱ्यांना, विशेषतः घरातल्या वडीलधाऱ्यांना सोबत नेणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

पहिली गोष्ट ही की आपण ज्याला कोची म्हणतो ती वस्ती पाण्याने विभागलेली आहे. रेल्वे, मोठी रुग्णालये, कापडाची दुकाने आणि बहुमजली हॉटेले पूर्वेला, एर्नाकुलमला आहेत. जुने गाव खाडीच्या पलीकडे, पश्चिमेच्या टोकाला आहे आणि त्याचेही दोन भाग पडतात. टोकाचा भाग फोर्ट कोची. तिथे १५०३ मध्ये पोर्तुगिजांनी किल्ला उभारला, १६६३ मध्ये तो डचांच्या हाती गेला आणि १७९५ मध्ये इंग्रजांच्या. त्याला लागून आत मट्टनचेरी आहे, म्हणजे मिरी, सुंठ आणि वेलदोड्याच्या व्यापाऱ्यांची पेठ. हा इतिहास इथे सांगण्याचे कारण असे की खोलीची जातच त्यावर ठरते. फोर्ट कोचीत जाड भिंतींची, कौलारू, मोठ्या खिडक्यांची घरे आहेत आणि त्यांतली कितीतरी आता पाहुण्यांसाठी खुली आहेत. मट्टनचेरीत पूर्वीच्या वखारी आणि दुकानांवरचे मजले आहेत. एर्नाकुलमच्या खोल्या कुठल्याही शहरातल्या खोल्यांसारख्या आहेत.

एर्नाकुलममध्ये राहून दिवसा बोटीने फोर्ट कोचीला जाऊन यावे, असा सल्ला आम्हालाही मिळाला होता. ज्यांचा मुक्काम एकाच रात्रीचा आहे किंवा ज्यांना पहाटेची गाडी पकडायची आहे, त्यांनी तसे जरूर करावे. पण जुन्या गावाची खरी वेळ सकाळी सातच्या आधीची आणि संध्याकाळी सहलीच्या बसगाड्या परत गेल्यानंतरची आहे. परेड ग्राउंडभोवतीचे विशाल वर्षावृक्ष, त्यांच्याखाली पहाटे फिरायला येणारी स्थानिक मंडळी, सेंट फ्रान्सिस चर्चसमोरचा रिकामा रस्ता, हे सारे दुपारच्या गर्दीत दिसत नाही. वास्को द गामाचा मृत्यू १५२४ मध्ये कोचीतच झाला आणि त्याला प्रथम याच चर्चमध्ये पुरले होते. त्याचे अवशेष पुढे पोर्तुगालला नेले, पण ती शिळा अजून तिथे आहे. सकाळी आम्ही तिघेच त्या शिळेपाशी उभे होतो आणि सासूबाईंना निवांतपणे सगळे समजावून सांगता आले.

आता चुकीविषयी. आमचे पहिले आरक्षण किनाऱ्यालगतच्या एका ठिकाणी होते. ‘समुद्रदर्शन’ आणि ‘वारसा वास्तू’ या दोन शब्दांवर भाळून आम्ही पैसे आगाऊ भरले. समुद्र दिसत होता हे खरे, पण खिडकी कायमची बंद केलेली होती, कारण खोली वातानुकूलित केली होती. दार उघडताच ओलीचा वास आला. माझे लहानपण जुन्या नाशकातल्या वाड्यात गेले असल्यामुळे मी आधी भिंतीच्या तळाशी हात लावून पाहिला, तर रंगाचा पोपडा हातात आला आणि बोटांना पांढरी भुकटी लागली. जांभ्या दगडाची आणि चुन्याची जुनी भिंत श्वास घेते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा आणि तैलरंग चढवला की आतली ओल आतच राहते आणि भिंतीला लोणा लागतो. समुद्रकाठच्या हवेत हे फार लवकर होते. दोन दिवसांत सासूबाईंना खोकला सुरू झाला. त्यात खोली वरच्या मजल्यावर होती आणि तिथे जायला उभा लाकडी दादर होता, ज्याच्या पायऱ्या इतक्या अरुंद होत्या की उतरताना पाऊल आडवे टाकावे लागे. वाड्यातला दादर मी धावत चढत असे. पण सत्तरीनंतरच्या गुडघ्यांचा विचार आरक्षण करताना मनात यायला हवा होता, तो आला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही उरलेल्या रात्रींच्या पैशांवर पाणी सोडले आणि पायी दुसरी जागा शोधायला निघालो.

पायी शोधण्याचा फायदा असा झाला की गल्ल्या कळल्या. किनाऱ्याच्या रस्त्यावर, मासेमारीच्या चिनी जाळ्यांच्या आसपास, दिवसभर माणसांची आणि गाड्यांची वर्दळ असते आणि मासळी बाजाराचा वास येतो. शाकाहारी माणसाला खिडकीखाली तो चोवीस तास सोसणे कठीण आहे. प्रिन्सेस स्ट्रीट आणि बर्गर स्ट्रीट दिसायला सुंदर आहेत, पण तिथे खाण्यापिण्याची ठिकाणे जास्त असल्याने रात्री उशिरापर्यंत जाग असते. परेड ग्राउंडपासून सांताक्रूझ बॅसिलिका या चर्चकडे आणि तिथून आणखी दक्षिणेला गेले की निवांत घरगुती गल्ल्या लागतात आणि समुद्र तरीही पायी दहा-पंधरा मिनिटांवर राहतो. आमचे मत विचाराल तर मुक्काम याच पट्ट्यात करावा. बॅसिलिकाच्या अगदी शेजारी घंटानाद पहाटेच ऐकू येतो. ज्यांची झोप सावध आहे त्यांनी दोन गल्ल्या सोडून राहावे.

आम्हाला मिळालेली जागा होमस्टे होती, म्हणजे घरमालकांचे कुटुंब तळमजल्याच्या अर्ध्या भागात राहत होते आणि उरलेल्या दोन खोल्या पाहुण्यांना देत होते. केरळ पर्यटन विभाग अशा घरांना डायमंड, गोल्ड आणि सिल्व्हर अशा श्रेणी देतो; श्रेणीचे प्रमाणपत्र दाखवा म्हटले तर कोणी वाईट मानून घेत नाही. आमची खोली तळमजल्यावर होती, समोरासमोर दोन खिडक्या होत्या, त्यांना झडपांची लाकडी दारे आणि आतून मच्छरांची जाळी होती. रात्री झडपा तिरक्या ठेवल्या की वारा आरपार जाई आणि वातानुकूलन लावण्याची गरज फक्त दुपारी पडे. एकादशीला सासूबाईंचा उपवास आहे हे कळल्यावर घरमालकीणबाईंनी नेंद्रन केळी सालीसकट वाफवून, वर खवलेले खोबरे घालून आणून दिली. आम्हाला मल्याळम येत नव्हते आणि त्यांना मराठी येत नव्हते. तरी रताळे चालते, तांदूळ चालत नाही, हे त्या दोघींनी एकमेकींना खुणांनी नेमके सांगितले.

या अनुभवावरून, आरक्षण करण्याआधी फोन करून काही गोष्टी विचारून घ्याव्यात असे वाटते. खिडकी उघडते का आणि कोणत्या बाजूला, हा पहिला प्रश्न. खिडकीला जाळी आहे का, हा दुसरा, कारण गावात उघडी गटारे आणि कालवे आहेत आणि डास भरपूर आहेत. खोली कितव्या मजल्यावर आहे आणि जिना कसा आहे, याचे छायाचित्र मागवावे. गाडी दारापर्यंत येते की सामान उचलून चालावे लागते, हेही विचारावे. आणि कपडे वाळत घालायला जागा आहे का, हे नाशिककरांनी मुद्दाम विचारावे, कारण आपल्याकडे जानेवारीत सकाळी टाकलेली चादर दुपारच्या आत खडखडीत वाळते, तर तिथे रात्री पिळून टाकलेला पंचा सकाळीही ओलसर लागतो. आम्ही दोनच जोड जास्तीचे नेले होते. चार न्यायला हवे होते. सकाळच्या गाडीने पोहोचणार असाल तर खोली किती वाजता ताब्यात मिळेल ते आधीच ठरवावे, नाहीतर रात्रभराच्या प्रवासानंतर वडीलधाऱ्यांना ओसरीवर बसून राहावे लागते.

मट्टनचेरीविषयीही सांगितले पाहिजे, कारण तो भाग मला मनापासून आवडला. फोर्ट कोचीहून बाजार रोडने चालत गेले तर साधारण अर्ध्या तासात ज्यू टाउन येते आणि वाटेत सुंठीच्या आणि मिऱ्यांच्या गोण्यांचा वास येत राहतो. तिथे कोकणी भाषिक गौड सारस्वतांची जुनी वस्ती आहे. चेरलाई भागात एका दुकानदाराची कोकणी आम्हाला बरीचशी कळली आणि आमची मराठी त्यांना कळली, तेव्हा सासूबाईंचा चेहरा खुलला. गुजराती रोडच्या परिसरात शाकाहारी जेवण मिळते, हे लक्षात ठेवावे. मात्र मुक्कामासाठी तो भाग वडीलधाऱ्यांबरोबर सोयीचा नाही: दिवसभर मालाची चढउतार चालते आणि रस्ते अरुंद आहेत. तरुण मंडळींनी खुशाल राहावे. मट्टनचेरी राजवाडा शुक्रवारी बंद असतो आणि १५६८ चे परदेसी सिनेगॉग (ज्यूंचे प्रार्थनास्थळ) शनिवारी, त्यामुळे शुक्रवार-शनिवार असा दोनच दिवसांचा मुक्काम करणाऱ्यांना दोन्ही एकाच दिवशी पाहता येत नाहीत.

जाण्याची वेळ डिसेंबर ते फेब्रुवारी हीच चांगली. जूनपासून नैर्ऋत्य मोसमी पाऊस आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दुपारनंतरचा गडगडाटी पाऊस, अशा दोन पावसाळ्यांत जुन्या घरांची ओल वाढते आणि जूनपासूनच्या पावसाळी वेळापत्रकाच्या काळात कोकण रेल्वेच्या गाड्याही सावकाश धावतात. ३१ डिसेंबरला कोचीन कार्निव्हलमध्ये पप्पांजीचा, म्हणजे सरत्या वर्षाचे प्रतीक असलेल्या म्हाताऱ्याचा, पुतळा जाळतात आणि त्या रात्री मैदानात पाऊल ठेवायला जागा नसते. तो आठवडा वडीलधाऱ्यांबरोबर टाळावा. ज्या वर्षी बिएनाले कलाप्रदर्शन असते, त्या वर्षी डिसेंबरपासूनच्या खोल्या फार आधी धराव्या लागतात.

चिनी जाळी पाहायला सकाळीच जावे. जाळे खाली जाते तेव्हा मागच्या दोरांना बांधलेले मोठे दगड एकेक करून वर उचलले जातात आणि चार-पाच जण दोर ओढू लागले की तेच दगड वजन तोलून धरतात. आमच्यादेखत वर आलेल्या जाळ्यात मूठभर मासळी होती. तरी त्या माणसांनी लगेच जाळे पुन्हा पाण्यात सोडले.

परतीच्या दिवशी रस्त्याने तोप्पुम्पडीमार्गे फिरून जाण्याऐवजी आम्ही वॉटर मेट्रोने गेलो. फोर्ट कोचीहून एर्नाकुलमच्या हायकोर्ट धक्क्यापर्यंत वीसेक मिनिटे लागतात. साधी सरकारी बोट आणखी स्वस्त आहे, पण तिच्यात चढताना धक्का आणि बोट यांच्यामधले अंतर ओलांडावे लागते. वॉटर मेट्रोचा धक्का तरंगता असल्याने भरती असो वा ओहोटी, तो बोटीच्या पातळीलाच राहतो. सासूबाई कोणाचाही हात न धरता आत गेल्या आणि खिडकीजवळ जागा धरून बसल्या.