तुम्ही विचारलंत म्हणून: मुंबई-नागपूर विमानाने किती वेळ लागतो?

मी मूळचा नागपूरचा आणि राहतो डोंबिवलीला, त्यामुळे लग्नसराई आली की हा प्रश्न हमखास येतो, आणि त्यात एखादा हिशेबी काका पुढे विचारतोच की सरळ रेषेत अंतर 685 किमीच्या आसपास, विमान ताशी 800 ने जातं, मग तासाच्या आत पोचायला पाहिजे ना, तिकिटावर दीड-पावणेदोन तास कसले?

तर तिकिटावरचा वेळ नुसता उडण्याचा नसतोच. विमान जागेवरून हललं की घड्याळ चालू, तिकडे जाऊन पार्किंगला उभं राहिलं की बंद. मधे रनवेपर्यंत रांगत जाणं, तिथली लाइन, चढणं, उतरणं सगळं आलं. आणि 800 चा वेग वर पोचल्यावरचा, एवढ्याशा अंतरात वर गेलं नाही तोच खाली यायची तयारी. प्रत्यक्ष हवेत साधारण तास-सव्वा तास.

त्यातून मुंबई. इथे रनवे दोन आहेत पण एकमेकांना छेदतात, म्हणजे एका वेळी कामाचा एकच. वारा बहुतेकदा समुद्राकडून, म्हणून विमान पश्चिमेला तोंड करून उडतं, जायचंय पूर्वेला नागपूरला आणि आधी दर्शन जुहूच्या समुद्राचं, मग वळसा. परत येताना गर्दी असली की वरच घिरट्या घाला. कंपन्या हा उशीर वेळापत्रकात आधीच धरून ठेवतात, त्यामुळे 'वीस मिनिटं लवकर उतरलो' असं कोणी खुशीत सांगितलं तर फार मनावर घेऊ नका.

हिवाळ्यात वरचे वारे पश्चिमेकडून असतात, जाताना पाठीवर येताना तोंडावर, पण इथे फरक मिनिटांचाच, मुंबई-लंडनच्या 7,200 किमीला मात्र तो तासाच्या घरात जातो.

बाकी आमच्या नागपूरच्या अंतराचं कौतुक फार जुनं आहे बरं का. मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, चौघंही हवाई अंतराने हजार किमीच्या आतच, म्हणून 1949 मध्ये रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली तेव्हा चारही शहरांची विमानं मध्यरात्री नागपूरला जमायची, पिशव्यांची अदलाबदल करायची आणि सकाळपर्यंत आपापल्या गावी परत. तेव्हा डाकोटा नावाची पंख्याची, हळू उडणारी विमानं होती, मुंबईहून यायलाच अडीच तास तरी लागत असणार.

आता खरा हिशेब. डोंबिवलीहून एअरपोर्ट दोन तास धरा, ट्रॅफिकचं काही सांगता येत नाही, तिथे दीड-दोन तास आधी हजर, मग विमान, सोनेगावला, म्हणजे नागपूरच्या विमानतळावर, उतरल्यावर घर जवळच. झाले साडेपाच-सहा तास. एकटे असाल आणि आहेराच्या बॅगा नसतील तर जा विमानाने. सगळं कुटुंब आणि लाडवांचे डबे असतील तर मी सरळ कल्याणहून रात्रीची विदर्भ एक्सप्रेस पकडतो, झोपेतले तास मी प्रवासात धरतच नाही. फक्त मुहूर्त सकाळचा असेल तर दोन्हीपैकी काहीही घ्या, आदल्या दिवशीच पोचा.