लाल शिक्का

गेल्या जुलैतली गोष्ट. पहाटे पाच पन्नासला फोन वाजला. रेड अलर्ट आदल्या रात्रीच आला होता आणि नौपाड्यात आमच्या गल्लीत घोटाभर पाणी होतं. मी एका सार्वजनिक विद्यापीठाच्या जनसंपर्क विभागात काम करते. परीक्षा चालू असताना पावसात आलेला फोन म्हणजे काय, हे आता घरच्यांनाही कळतं.

एका प्राचार्यांनी परिपत्रकाचा फोटो पाठवला होता. 'अतिवृष्टीमुळे आजच्या सर्व परीक्षा पुढे ढकलण्यात येत आहेत.' बोधचिन्ह आमचं, सही आमचीच. जावक क्रमांकही खरा, पण आदल्या वर्षीचा. कुणीतरी जुनं पत्र घेऊन तारीख तेवढी बदलली होती. फोटो मोठा करून पाहिला, तर ती एक ओळ बाकीच्यांपेक्षा किंचित काळी होती.

लोकांनी विश्वास ठेवला यात त्यांचा काय दोष? शाळांना सुट्टी जिल्हाधिकारी जाहीर करतात, परीक्षा पुढे ढकलायचा निर्णय विद्यापीठ घेतं. हा फरक आम्हाला पाठ असतो. घरात मात्र रेड अलर्ट आणि त्याखाली विद्यापीठाचं पत्र एवढंच दिसतं.

खुलाशाचा मसुदा दहा मिनिटांत तयार झाला. मग परीक्षा विभाग, मग कुलसचिवांचं कार्यालय, मग एका शब्दावरून पुन्हा परीक्षा विभाग. मंजुरी आली सात पस्तीसला. त्याच खोट्या पत्राच्या फोटोवर तिरका लाल शिक्का मारला, 'बनावट', आणि सगळ्या कॉलेजांच्या ग्रुपवर टाकला. शिक्क्याची कल्पना माझी होती.

पेपर साडेदहाचा. मी ठाण्यातल्या केंद्रावर गेले. अकरापर्यंत उशिरा आलेल्यांना आत घेतलं. अकरा वीसला एक मुलगी फाटकातून धावत आली. ओढणी भिजून गळ्याला चिकटलेली, हातात प्लास्टिकच्या पिशवीत हॉल तिकीट. डोळखांबची, म्हणजे शहापूरच्याही पुढची. तिथून एसटीने आसनगाव, मग लोकल. साडेदहाच्या पेपरला पोचायचं तर तिला सहाच्या सुमाराला घर सोडावं लागतं.

"आमचा मेसेज नाही मिळाला का गं?"

"मिळाला ना मॅडम. म्हणून तर थांबले."

तिने फोन पुढे केला. नेट कमी, म्हणून फोटो आपोआप उघडत नव्हते. आमचा खुलासा तिच्या स्क्रीनवर धूसर चौकोन होऊन पडला होता. वरचं बोधचिन्ह ओळखू येत होतं. खाली तांबूस डाग. पहाटेचं पत्र पुन्हा आलं, म्हणजे बातमी पक्की, असं तिला वाटलं. सव्वाआठला मैत्रिणीने केंद्रावरून फोन केला, तेव्हा ती रडतच निघाली.

तिला आत सोडणं केंद्रप्रमुखांच्या हातात नव्हतं. मी तिच्याशेजारी बाकावर बसले. शिपाई मामांनी चहा आणून दिला, पण तिने कप नुसता हातात धरला होता. त्या दिवशी शहापूर-मुरबाडकडची गैरहजेरी मी स्वतः कॉलेजांना फोन करून लिहून काढली.

रात्री अहवाल लिहायला बसले तेव्हा माहितीचा अधिकार कायदा, २००५, समोर घेतला. कलम ४(४) म्हणतं की माहिती पोचवताना स्थानिक भाषा आणि त्या भागात सर्वात परिणामकारक ठरणारं माध्यम विचारात घ्यावं. प्रशिक्षणात हे कलम मी इतरांना शिकवलेलं आहे. ते अहवालात पहिल्याच परिच्छेदात घातलं आणि खाली स्पष्ट लिहिलं : खुलासा उशिरा गेला, आणि चुकीच्या रूपात गेला. विद्यार्थ्यांनी हलगर्जी केली, हे वाक्य घालावं अशी एक सूचना आली होती. मी ते घातलं नाही.

फेरपरीक्षा मिळाली. त्यासाठी तीन बैठका झाल्या, त्यांचं वर्णन नको. त्याहून मोठं काम नंतर झालं. आता पावसाच्या दिवसांत परीक्षेचा निर्णय आदल्या संध्याकाळीच होतो, आणि पहाटे पाचला साधा मजकूर जातो. फोटो नाही, पीडीएफ नाही. 'आज परीक्षा आहे. वेळ तीच. परीक्षा रद्द झाल्याचं पत्र आलं तर ते खोटं समजा.' खाली कॉलेजचा फोन नंबर.

पहिल्यांदा तो मजकूर गेला त्या दिवशी मी फेरपरीक्षेच्या यादीतून तिचा नंबर काढून तिलाही वेगळा पाठवला. पाच अठ्ठावीसला उत्तर आलं :

"निघतेय मॅडम. एसटी यायचीय."