घड्याळ मागं गेलं की

बिल्ड टूल, म्हणजे सोर्स (कोडच्या फाइली) बदलली की प्रोग्रॅम पुन्हा बनवणारं साधन, माझ्याकडं बदललेली फाइल वगळतं, अशी तक्रार मी ते सांभाळणाऱ्यांकडं केली होती. त्यांच्या उत्तरातल्या ओळीत तसं वाईट काहीच नव्हतं. 'हा बिल्ड टूलचा दोष नाही, मशीनचं घड्याळ दुरुस्त करून घ्या.' पुढं हसरा चेहराही. तरी संध्याकाळपासून ती मनातून जात नाही. तूर सोंगायला मजूर नाहीत, दादांचं ते वेगळंच, आणि मी घड्याळ धरून बसलोय.

घड्याळ दुरुस्त करायचं म्हणजे काय, ते मला कळतं. माझा कॉम्प्युटर म्हणजे राझ्बेरी पाय ४, तळहाताएवढा बोर्ड. त्यात घड्याळाचा सेलच नसतो. फेक-एचडब्ल्यूक्लॉक नावाची स्क्रिप्ट तासातून एकदा वेळ फाइलीत लिहून ठेवते आणि बूट होताना तिथूनच पुढं मोजायला लागते. बंद करताना नीट शटडाउन केलं तर ठीक. पण आपल्याकडं लाईन सांगून जात नाही, आणि इन्व्हर्टरची बॅटरी उतरली की पायही तसाच बसतो. उठतो तेव्हा त्याच्या लेखी पाऊण तास कमी झालेला असतो. टॉवरलाही लाईन नसली तर नेट नाही, म्हणजे वेळ जुळायला आणखी उशीर. तेवढ्यात सोर्स फाइल सेव्ह केली की तिच्यावर मागची वेळ पडते. सोर्सपासून बनणारी ऑब्जेक्ट फाइल तयार झाली आधी, पण तिच्यावर वेळ नंतरची. टूल बघतं: ऑब्जेक्ट नवीन, सोर्स जुनी, काही करायला नको. बदल गिळला!

१९७६ साली बेल लॅब्समध्ये स्टुअर्ट फेल्डमननं मेक हे बिल्ड टूल लिहिलं तेव्हापासूनचा हा हिशोब: सोर्स तिच्यापासून बनलेल्या फाइलीपेक्षा नवीन असेल तरच कंपाईल. मेकचाच एक अवतार, ग्नू मेक, निदान 'क्लॉक स्क्यू डिटेक्टेड' (घड्याळात तफावत आहे) असं बजावतं. पण फाइलींच्या वेळा भविष्यातल्या दिसतात तोवरच. नेट आलं, घड्याळ जुळलं की तीही सूचना नाही. चूक तिथंच, फक्त मुकी.

डीएस३२३१ या घड्याळाच्या चिपचं मॉड्यूल, सीआर२०३२ हा बटणासारखा सेल, चार वायरी, कॉन्फिगमध्ये एक ओळ. एवढ्यात भागतं. लावीनही. पण म्हणून टूलचा हिशोब बरोबर ठरतो का? हेच तिकडं कुणाच्या लॅपटॉपवर दिसलं असतं तर बग म्हणून नोंद झाली असती. आपल्याकडं दिसलं की ती आपल्याकडची परिस्थिती. दोष नाही, परिस्थिती! आणि हसरा चेहरा.

माय आत्ताच म्हणून गेली, "झोप ना बाप्पा, डोये जातीन." बरं.

मी टूलच्या कोडमध्ये केलेली दुरुस्ती, म्हणजे पॅच, काही मोठा नाही. 'नवीन आहे का' हे विचारायचंच नाही. मागच्या बिल्डच्या वेळी या फाइलीचा एमटाइम (शेवटच्या बदलाची वेळ) आणि आकार काय होता ते टूलच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदींच्या फाइलीत, लिहून ठेवायचं आणि 'तेव्हापेक्षा वेगळं आहे का' एवढंच बघायचं. फाइलीची वेळ मागं गेली काय, पुढं गेली काय, वेगळी म्हणजे वेगळी. फाइलीची माहिती विचारणारा स्टॅट कॉल तसाही होतोच, आकार त्यातच मिळतो, जादा खर्च नाही. बेझल या दुसऱ्या बिल्ड टूलसारखं प्रत्येक फाइलीचं हॅश (मजकुरावरून निघणारा ठसा) काढायचं तर ती आधी वाचावी लागते, आणि पायच्या एसडी कार्डावर ते जिवावर येतं. आकार का हवा? एक्स्ट४ ही लिनक्सची फाइल-व्यवस्था नॅनोसेकंद साठवते खरं, पण कर्नल (सिस्टिमचा गाभा) जुना असला तर वेळ टिकटिकीनं, ठरावीक टप्प्यांनी देतो. एकाच टिकेत दोनदा लिहिलं तर एमटाइम तोच राहू शकतो. आकारही तोच राहिला तर मात्र फसलो.

शेवटी हे त्यांच्या गळी उतरलं ते घड्याळामुळं नाही. टेस्ट लिहिताना दिसलं की हे कुठंही होतं. बॅकअपमधली जुनी फाइल सीपी -पी नं (वेळ न बदलता कॉपी करणारी कमांड) परत आणा, जुना टारबॉल (फाइलींचं गाठोडं) सोर्सवर उघडा. मूळ वेळ तशीच येते आणि टूल म्हणतं, काही बदललं नाही. पॅचसोबतच्या वर्णनातला, कमिट मेसेजमधला, लाईन जाण्याचा परिच्छेद काढला, बॅकअपचं घातलं. लगेच उत्तर, 'हे पटलं.' कोड तोच, अक्षर न अक्षर तोच. बोचतं ते एवढंच.

असो. टेस्टमध्ये सोर्स बदलल्यावर टच -डी या कमांडनं तिची वेळ तासभर मागं नेली आहे. म्हणजे त्यांच्या कधी लाईन न जाणाऱ्या सर्व्हरवर आता प्रत्येक पुल रिक्वेस्टला (कुणीही बदल पाठवला की) ही टेस्ट चालणार, म्हणजे एक तासाचं लोडशेडिंग. लेकहो, घ्या!

लॉगची आवृत्ती वाढवायची राहिली आहे. नाहीतर जुनं टूल नवा लॉग भलतंच समजून वाचेल. आवृत्ती बदलली की जुना लॉग टाकून एकदा पूर्ण बिल्ड, हे रिलीज नोटमध्ये ठळक लिहायला हवं. पायवर तो पूर्ण बिल्ड -जे४ नं, म्हणजे एकदम चार कामं लावून, करायचा नाही. २ जीबी रॅममध्ये सी++ चे चार कंपायलर एकदम घुसले की मेमरी संपली की प्रोग्रॅम मारणारा ओओएम किलर एकाला उचलतो आणि एरर बघून वाटतं कोडच बिघडला. -जे२ नं लावायचा, तोही बॅटरी भरल्यावर.