घोगऱ्या आवाजाची गायिका

बेळगावच्या टिळकवाडीतल्या आमच्या घरी पावसाळ्यातल्या संध्याकाळी मी मेसी ग्रेची गाणी ऐकत बसते, तेव्हा त्या खरखरीत आणि काहीशा बालिश आवाजात इतके आर्जव कोठून येते, असा प्रश्न मला दर वेळी पडतो. अमेरिकेतील ओहायो राज्यात कँटन येथे जन्मलेल्या या गायिकेला लहानपणी याच आवाजावरून चिडवले जात असे आणि त्यामुळे ती फारशी बोलतच नसे. १९९९ मध्ये तिचा पहिला अल्बम आला. सोल, ब्लूज आणि फंक या संगीतप्रकारांच्या त्या मिश्रणाला इंग्लंडने मनापासून दाद दिली. २००० च्या ब्रिट या तिथल्या संगीत पुरस्कारांत तिला आंतरराष्ट्रीय गटातील दोन पुरस्कार मिळाले. मायदेशातील ग्रॅमी हा संगीत पुरस्कार ‘आय ट्राय’ या गाण्यासाठी तिला २००१ मध्ये मिळाला, म्हणजे परदेशातील कौतुक आधी झाले, हे मला महत्त्वाचे वाटते.

अशा वेगळ्या आवाजातून घडलेले गाणे आमच्या भागाला नवे नाही. शेजारच्या धारवाडच्या गंगूबाई हनगल यांचा आवाज घशाच्या उपचारानंतर पुरुषी आणि भारदस्त झाला, तरी त्याच आवाजात त्यांनी किराणा घराण्याची गायकी अखेरपर्यंत गायली. बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांनी क्षयाने फुप्फुस निकामी झाल्यावर, दूर मध्य प्रदेशातील देवासला राहून, छोट्या छोट्या ताना घेत आपली वेगळी गायकी घडवली.

माझाही आवाज घोगरा आहे. शाळेच्या समूहगीतात मला त्याच कारणाने मागे उभे केले होते. परवा भजनी मंडळात काकूंनी मला पुढे बसवले आणि अभंगाची पहिली ओळ मीच धरली.