कुठल्या घड्याळाचे सात?

संगणकावर लिनक्स (विंडोजसारखीच एक प्रणाली) बसवायला घेतलं की मध्येच एक पडदा येतो आणि विचारतो, तुम्ही कुठे राहता? आशिया निवडायचं, मग शहरांची यादी उघडते. काठमांडू आहे, थिंपू आहे, कोलंबो आहे. मुंबई नाही. पुण्या-नागपूरचं सोडाच, दिल्लीसुद्धा नाही. अख्ख्या भारताला मिळून एकच नाव, कोलकाता. २००८ पर्यंत तेही कलकत्ता होतं. मुंबईकर माणूस इथे जरा दुखावतो, मग निमूटपणे कोलकाता निवडतो, कारण त्याशिवाय पुढचा पडदा येत नाही.

ही यादी ज्या संग्रहातून येते त्याला टीझेड, म्हणजे टाइम झोन, डेटाबेस म्हणतात. आपला फोन, बँकेचे सर्व्हर, विमानाच्या तिकिटांची यंत्रणा, बहुतेक सगळे तिथूनच वेळेचे नियम घेतात. कुठल्या देशाने घड्याळ कधी पुढे केलं, कधी मागे, कोणत्या तारखेला, रात्री किती वाजता, याची ही जगाची खतावणी. मला वाटायचं, एवढं मोठं काम म्हणजे संयुक्त राष्ट्रांचं कुठलं तरी कार्यालय असणार, संगमरवरी जिना वगैरे. प्रत्यक्षात १९८०च्या दशकात आर्थर डेव्हिड ओल्सन नावाच्या अमेरिकन प्रोग्रामरने हे सुरू केलं. तो तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत नोकरीला होता, त्यामुळे जगाच्या वेळेची ही वही कित्येक वर्षं कर्करोग संशोधन संस्थेच्या संगणकावर नांदत होती. पुढे पॉल एगर्ट या कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठीय माणसाने सूत्रं घेतली. मदतीला जगभरचे हौशी लोक. ही मंडळी जुनी राजपत्रं चाळतात, वर्तमानपत्रांची कात्रणं काढतात आणि ‘तुमची अमुक सालची नोंद एका दिवसाने चुकली आहे’ असं कळवतात. पैसे कोणी देत नाही. आपल्याकडे गावोगाव शिलालेख वाचत हिंडणारे लोक असतात, त्याच जातकुळीचे.

फाइल साधी आहे, कुणालाही उघडून वाचता येते. काही ओळी यंत्रासाठी, आकड्यांच्या. आणि ज्या ओळींच्या सुरुवातीला उभ्या-आडव्या रेघांची जाळी असते त्या माणसांसाठी. यंत्र त्यांच्याकडे बघतही नाही. मला विचाराल तर खरा ऐवज तिथे आहे. कोणी काय कळवलं, कशावर विश्वास ठेवला, कशावर नाही, आणि का. भारताच्या नोंदीपाशी एगर्ट यांनी, जुन्या भारतातल्या वेळा शोधायच्या असतील तर शुभेच्छा, अशा अर्थाचा शेरा मारून ठेवलाय आणि खाली मद्रासच्या वेधशाळेची गंमत दिली आहे. एकोणिसाव्या शतकात ही वेधशाळा चुंबकीय मोजमापं जर्मनीतल्या गॉटिंगनच्या वेळेने घेई, हवामानाची मद्रासच्या वेळेने, आणि बंदरातल्या जहाजांना खूण म्हणून खांबावरून गोळा खाली सोडी तो ग्रिनिचच्या वेळेने. एकाच आवारात.

मग मुंबई का नाही? नियम असा की १ जानेवारी १९७० पासून ज्या ठिकाणांची घड्याळं सारखी चालली, त्यांना वेगळी नोंद नाही. १९७०, कारण संगणकाचा काळ तिथून मोजतात. त्यानंतर भारतभर एकच वेळ, म्हणून एकच शहर पुरे. हिशेब बरोबर आहे. पण त्याचा परिणाम बघा. आज तुम्ही संगणकाला विचारलंत की १८९० साली भारतात घड्याळ ग्रिनिचच्या किती पुढे होतं, तर तो सांगेल ५ तास २१ मिनिटं १० सेकंद. ही मद्रासची वेळ. आणि ज्या शहरात वेळेवरून खरोखर भांडणं झाली, त्या मुंबईची ४ तास ५१ मिनिटं आकड्यांच्या ओळींत कुठेच नाहीत. त्या भांडणाचा उल्लेख फक्त शेऱ्यांत.

आणि भांडण तरी केवढं! रेल्वे मद्रासच्या वेळेने धावू लागली होती, ती मुंबईच्या साधारण अर्धा तास पुढे. १८८१ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी (हो, पुण्याचं कॉलेज यांच्याच नावाचं) सरकारी कचेऱ्यांनाही तीच वेळ लावली. लोक चिडले. राजाबाई टॉवर तेव्हा नवा कोरा होता. त्याच्या घड्याळात मुंबईचीच वेळ दाखवायची असा विद्यापीठाने हट्ट धरला. सरकार म्हणालं, मग रात्री घड्याळावर उजेड पाडायचा खर्च आम्ही देणार नाही. साम्राज्य आणि विद्यापीठ दिवाबत्तीच्या बिलावरून रुसले. शेवटी १८८३ मध्ये सरकारनेच माघार घेतली.

दुसरी फेरी १९०६ ची. १ जानेवारीपासून भारतीय प्रमाणवेळ आली, साडेपाच तासांची, म्हणजे मुंबईच्या ३९ मिनिटं पुढे. त्याच महिन्यात हजारो गिरणी कामगार रस्त्यावर उतरले, दगडफेक झाली. आज आपल्याला ३९ मिनिटं किरकोळ वाटतात. पण सहाचा भोंगा नव्या वेळेने वाजला, तर कालच्या घड्याळात तेव्हा पाच वाजून एकवीस मिनिटं झालेली असणार. पहाटेच्या काळोखात चाळीतून निघणाऱ्या माणसाला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागला नसेल. महापालिकेत फिरोजशहा मेहतांनी नव्या वेळेला विरोध केला आणि महापालिकेची घड्याळं पुढे चाळीसहून अधिक वर्षं मुंबईच्याच वेळेवर राहिली. एका शहरात दोन वेळा, रेल्वेची वेगळी, पालिकेची वेगळी. गाडी चुकल्याची सबब सांगायला इतका सोयीचा काळ पुन्हा आला नाही.

त्यात भर युद्धाची. १ सप्टेंबर १९४२ ला सरकारने भारताची प्रमाणवेळ एक तास पुढे केली, ती १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत. सूर्यप्रकाश वाचवण्याचा हा उद्योग युरोपात नित्याचा, आपल्याला मात्र नवा. कोलकात्याच्या नोंदीत त्याआधीचाही एक बदल आहे, ऑक्टोबर १९४१ ते मे १९४२.

हे सगळं मला कळलं ते संगणकामुळे नाही, मावशीमुळे. तिचा जन्म जानेवारी १९४३ चा, परळच्या चाळीतला. पत्रिकेवर वेळ लिहिली आहे, सकाळी ७ वाजून १० मिनिटं. पंचाहत्तरीच्या वेळी कुणाच्या तरी आग्रहाने ती पत्रिका एका ज्योतिषीबुवांना दाखवली. त्यांनी ग्रह वगैरे बाजूला ठेवून आधी विचारलं, “कुठल्या घड्याळाचे सात?” जुनी जाणती ज्योतिषी मंडळी बेचाळीस ते पंचेचाळीसमधली पत्रिका आली की पहिल्यांदा हेच विचारतात. युद्धकालीन वेळ असेल तर तास वजा. तेवढ्यात लग्नरास बदलू शकते, म्हणजे त्यांच्या दृष्टीने माणूसच बदलतो. आजी सांगायची, मुलगी झाली तेव्हा नुकताच भोंगा झाला होता. म्हणजे वेळ भोंग्यावरून धरलेली. आता तो भोंगा कुठल्या वेळेने वाजत होता? बुवांनी दोन कुंडल्या मांडल्या. मावशीने चष्मा लावून दोन्ही बघितल्या आणि म्हणाली, “ज्यात नवरा बरा निघालाय ती ठेवा.” काका शेजारीच बसले होते.

तेव्हा मी हसलो होतो. नंतर वाचलं की घड्याळांचा इतिहास जमवण्यात जगभर ज्योतिषीच आघाडीवर होते, आणि ते स्वाभाविकच आहे. इतिहासकाराला साल पुरतं, पोलिसाला तारीख पुरते. मिनिट हवं ते फक्त पत्रिका मांडणाऱ्याला. टीझेडवाल्यांनीही जुन्या नोंदींसाठी अमेरिकेत ज्योतिषांकरता छापलेल्या वेळांच्या जाडजूड ॲटलासचा पुष्कळ आधार घेतला. बाकी कुणी एवढी जमवाजमव केलीच नव्हती. त्यावरून २०११ मध्ये ॲस्ट्रोलॅब या ज्योतिषाची सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीने ओल्सन आणि एगर्ट यांच्यावर दावा ठोकला, की ॲटलासचे हक्क आमचे आहेत. काही दिवस जगाच्या वेळेची ही फाइल जागेवरून गायबच झाली. मग इंटरनेटच्या नावांचा आणि आकड्यांचा कारभार पाहणाऱ्या संस्थेने तिला आसरा दिला आणि २०१२ च्या फेब्रुवारीत कंपनीने दावा मागे घेतला. अमक्या दिवशी घड्याळ पुढे केलं ही घटना आहे, तिच्यावर मालकी कुणाची असणार? तरी ॲटलास करणाऱ्याचं कष्टाचं देणं लागतोच, असं मला आपलं वाटतं. ज्योतिषावर माझा काडीचा विश्वास नाही, तरीही.

वर्तमानकाळ तरी सोपा असेल म्हणावं, तर तोही नाही. २०२३ च्या मार्चमध्ये लेबनॉनच्या पंतप्रधानांनी उन्हाळी वेळ (उन्हाळ्यापुरतं घड्याळ तासभर पुढे करणं) रमजान संपेपर्यंत पुढे ढकलली, तीही जेमतेम दोन-तीन दिवस आधी. चर्चने ऐकलं नाही. देशात दोन वेळा चालू झाल्या, मुंबईसारख्याच. डेटाबेसवाल्यांनी घाईने नवी आवृत्ती काढली, सरकारने निर्णय फिरवला, आणि पाच दिवसांत पुन्हा नवी आवृत्ती काढून आधीची रद्द करावी लागली. मोरोक्को रमजानमध्ये घड्याळ तासभर मागे घेतं, म्हणून तिथल्या नोंदी २०८७ सालापर्यंत चंद्राचा हिशेब करून आधीच लिहून ठेवल्या आहेत. संगणकाच्या पोटात पंचांग! आमच्या बुवांना हे सांगितलं असतं तर ते खूश झाले असते.

चुका शिरायच्या वाटाही मजेदार असतात. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत भारताने घड्याळं पुढे केली होती, असं इकडे तिकडे बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं सापडतं. एकाचं वाचून दुसरा लिहितो. डेटाबेसमध्ये मात्र भारताच्या नोंदीत ऑक्टोबर १९४५ नंतर एकही ओळ नाही. राजपत्र दाखवा, मग लिहू. हा कोरडेपणा मला आवडतो.

मुंबई वेळेचा शेवटही असाच लटकलेला आहे. काही ठिकाणी १९५० लिहिलंय, काही ठिकाणी १९५५. दोन्ही ठामपणे. पाच वर्षांचा फरक, आणि तो मिटवणारा कागद कदाचित कुणाच्या तरी माळ्यावर असेल. जुन्या लग्नपत्रिकांवर मुहूर्ताच्या वेळेपुढे कंसात ‘स्टँ. टा.’, म्हणजे स्टँडर्ड टाइम, छापलेलं असायचं. ते उगीच नव्हतं, पाहुण्यांनी ३९ मिनिटं उशिरा येऊन अक्षता हुकवू नयेत म्हणून. तेव्हा घर आवरताना १९५१ ते ५५ मधली गिरगाव-दादरची एखादी लग्नपत्रिका हाती लागलीच, तर वधू-वरांची नावं नंतर वाचा. आधी कंस बघा. आणि कंसात ‘मुं. टा.’ दिसलं, तर कृपा करून रद्दीत टाकू नका. फोटो काढून मला पाठवा.