आमची वाटचाल : लॉकडाऊनने नाही, एका भोंग्याने रडवलं

बोटीच्या मागे टांगतात त्या इंजिनांच्या दुरुस्तीचं आमचं मालवणातलं वर्कशॉप. सुरुवात दोघांनी केली, मी आणि मेस्त्री. पत्र्याची शेड, पाण्याचं पिंप, इंजिन उचलायला एक चेन ब्लॉक आणि मेस्त्रींची पेटी, एवढंच भांडवल. मेस्त्रींचा हात मच्छीमारांच्या रॉकेलवरच्या मशीनवर बसलेला. पुढे तारकर्ली-देवबागला पर्यटक वाढले, डॉल्फिन दाखवणाऱ्या आणि स्कुबाला नेणाऱ्या बोटींवर फोर स्ट्रोक इंजिनं आली, तसे आम्हीही त्या कामात शिरलो. पहिली वर्षं बरी गेली. लॉकडाऊन निभावलं. 2021च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं, शेडचे पत्रे उडाले, तेही परत ठोकले. धंदा खरा बुडायला आला तो त्यानंतर, एका भोंग्यापायी. इंजिन तापलं की वाजतो तो अलार्मचा भोंगा.

देवबागचे एक काका आमचं अगदी पहिलं गिऱ्हाईक. आमच्या शेडला दार नव्हतं तेव्हापासून त्यांचं इंजिन आमच्याकडे. एका डिसेंबरात, ऐन हंगामात, त्यांचा फोन आला : "मेस्त्री, अलार्म वाजता हा. इंजिन गरम नाय, मगे वाजता कित्याक?"

धंद्यातल्यांना सांगायला नको, पण असा अलार्म वाजला की बऱ्याच इंजिनांत आरपीएम, म्हणजे मिनिटाचे फेरे, आपोआप 2000च्या आसपास उतरतात. कर्ली नदीच्या मुखाशी, ओहोटीचं पाणी बाहेर पडतंय, समोरून लाटा येतायत, बोटीत माणसं भरलेली, आणि तिथे इंजिन बसतं. काकांच्या बोटीत त्या दिवशी एक आजीबाई रडायला लागल्या. पुढच्या मिनिटाला अलार्म गप्प, इंजिन जसं होतं तसं.

आम्ही इंजिन पिंपात लावलं. तासभर चालवलं, चूं नाही. इम्पेलर, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी ओढणारा पंख्यासारखा भाग, काढून बघितला. देवबागच्या वाळूत पाती झिजतात, म्हणून नवा बसवला. त्या पाण्याची वाट उघडझाप करणारा थर्मोस्टॅट त्याच हंगामाच्या सुरुवातीला बदललेला. इंजिन तापल्यावर अलार्म वाजवणारा थर्मोस्विच बदलला. ऑइल प्रेशर तपासलं, ठीक होतं. दर वेळी काका पैसे देऊन गेले आणि दर वेळी चौथ्या-पाचव्या दिवशी परत आले. तिसऱ्या खेपेला त्यांनी पैसे दिले, पण चहा घेतला नाही. ते मला जास्त लागलं.

याच वेळी एका दुसऱ्या वर्कशॉपवाल्याने काकांना गाठलं. नाव लिहीत नाही, मालवणात सगळ्यांना ठाऊक आहे. इंजिन स्टार्टसुद्धा न करता तो म्हणाला, "कंप्युटर गेला. त्यात पैसे घालण्यापेक्षा नवीन इंजिन घ्या, हप्त्याने देतो." शिवाय जेटीवर सांगत सुटला की यांना साधा अलार्म सापडत नाही. महिनाभरात आमच्या 11 बोटी त्याच्याकडे गेल्या. मी आकडा विसरलेलो नाही. पत्नीचे दागिने बँकेत ठेवून कामावरच्या पोराचा पगार केला, तेही विसरलेलो नाही.

शेवटी मेस्त्री म्हणाले, "पिंपात लाटा नसतत. समुद्रात जाऊया." इतकी साधी गोष्ट तोपर्यंत आम्हाला सुचली नव्हती.

वजनासाठी वाळूच्या गोणी भरून कर्लीच्या मुखाशी गेलो. माझं काम इंजिन गार करून बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या धारेवर डोळा ठेवायचं. धार बोटासारखी जाड, हेडवर हात टेकवला तर टिकतोय, म्हणजे गरमीचा प्रश्न नाही. अलार्म वाजला. मेस्त्रींनी थर्मोस्विचची गुलाबी वायर स्विचपाशी सोडवली. तरी वाजतोय! म्हणजे स्विच निर्दोष. मग तीच वायर वरच्या टोकाला, कंट्रोल युनिटपाशी, म्हणजे इंजिनाच्या कंप्युटरपाशी, सोडवली. गप्प. परत जोडली, परत वाजला. म्हणजे कंप्युटरही निर्दोष. दोष होता मधल्या दोन वितीच्या वायरमध्ये. (हे करताना वायर सुटलेली असते, इंजिनाला राखण नसते. धारेवर माणूस बसवल्याशिवाय करू नका.)

मेस्त्रींच्या पेटीत बांबूची एक तासलेली काडी असायची. चालू इंजिनात स्क्रू ड्रायव्हर घातला तर तोच शॉर्ट करतो, म्हणून काडी. त्या काडीने ते वायर इंचाइंचाने दाबत गेले. ब्रॅकेटच्या कडेपाशी दाबली आणि भोंगा कोकलला. तांदळाच्या दाण्याएवढं सोलपटलेलं, आत हिरवी पडलेली तांब्याची तार. लाटेचा हादरा बसला की ती ब्रॅकेटला टेकायची, अर्थिंग मिळायचं, आणि इंजिनाला वाटायचं आपण तापलो.

वायर धरून ठेवणारी क्लिप जागेवर नव्हती. मला बरीच वर्षं वाटायचं की ती त्या दुसऱ्याने काढली. पण तो कव्हर उघडायला येण्याआधीच अलार्म वाजत होता, आणि थर्मोस्टॅट बदलताना तिथे हात आमच्याच पोराचा गेला होता. इम्पेलर आणि स्विचचे पैसे काकांना परत केले. त्यांनी घेतले, आणि चहाही घेतला.

अकरांतल्या सात बोटी परत आल्या. पुढची वर्षं नीट चालली.

ज्यांना अलार्मचा त्रास होतो ते भोंग्याची वायरच कापतात. तसं करू नका. आमच्याकडे असं एक इंजिन आलं होतं, पाणी घेण्याच्या जाळीला प्लॅस्टिकची पिशवी चिकटलेली, भोंगा मुका, पिस्टन जाम. आणि फेरी झाली की गोड्या पाण्याने इंजिन धुवा. दहा मिनिटं लागतात, तेवढी काढा.

मेस्त्री आता घरीच असतात, गुडघे साथ देत नाहीत. काडी माझ्याकडे आहे. समुद्रावर येऊन तपासायचे आम्ही 800 रुपये वेगळे घेतो, पेट्रोल तुमचं. "एक वायर तर जोडलात" म्हणून त्यात घासाघीस करू नये.