तुम्ही विचारलंत म्हणून: समुद्रात पडलेलं सोनं जातं कुठे?

न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर मेटल डिटेक्टर घेऊन फिरायला लागल्याला मला आता बारा वर्षं झाली. मंडळाच्या गणपतीत, कोजागिरीला, कुणाकडे जेवायला गेलो की एक प्रश्न ठरलेला असतो: "एवढ्या मोठ्या समुद्रात पडलेली अंगठी सापडते तरी कशी? ती वाहून नाही जात?"

नाही जात. ती खाली जाते. हे एकदा मनात पक्कं बसलं की बाकीचं सगळं त्यातूनच येतं.

वाळू पाण्याच्या अडीचपटीहून थोडी जड. २२ कॅरेटचं सोनं साडेसतरापट. लाट मागे फिरते तेव्हा पायाखालची वाळू सरकते आणि आपण टाचांपर्यंत रुततो, हा अनुभव सगळ्यांचाच आहे. अंगठीचंही तसंच होतं. प्रत्येक लाटेला तिच्याखालची वाळू हलते, ती थोडी आणखी खाली बसते, आणि शिंपल्यांचा थर किंवा चिकणमाती लागली की तिथे थांबते. मग महिनोन् महिने तिथेच. सोनाराच्या दुकानासमोरची धूळ धुवून सोनं काढणारे झारेकरी पूर्वी असत, त्यांच्या हातातली पाटी जे करायची तेच समुद्र इथे रात्रंदिवस करत असतो: हलकं वर, जड तळाला. म्हणून गळाला लावायची शिशाची वजनं एका पट्ट्यात लागोपाठ मिळायला लागली की मी तिथून हलत नाही. जिथे शिसं बसलं तिथे सोनंही बसलेलं असू शकतं.

हिवाळ्यात ईशान्येकडून वादळं येतात आणि एका रात्रीत किनारा कमरेएवढा कापून नेतात. सकाळी वाळूची उभी भिंत दिसते. तिच्या पायथ्याशी एकदा मला १९६४च्या आधीची चांदीची तीन क्वार्टर, म्हणजे पाव डॉलरची नाणी, हातभर अंतरात मिळाली होती. तेव्हा कळलं की मी चालतोय तो थर आजचा नाही. याउलट खोल समुद्रातली वाळू पंपाने आणून किनाऱ्यावर ओतली, की जुनं सगळं कित्येक फूट खाली गाडलं जातं. अशा जागी मी वर्षभर जात नाही.

मशीनबद्दल थोडक्यात. दांड्याच्या टोकाची तारेची चकती, म्हणजे कॉइल, जमिनीत चुंबकीय क्षेत्र सोडते, धातूत त्यामुळे बारीक प्रवाह उठतात आणि त्यांचं उत्तर कानात येतं. अडचण अशी की खारं पाणीही वीज वाहून नेतं, त्यामुळे ओल्या वाळूवर साधं एका फ्रीक्वेन्सीचं मशीन नुसतं बडबडत राहतं. पल्स पद्धतीचं मशीन मिठाकडे दुर्लक्ष करतं, पण त्याला लोखंड आणि सोनं फारसं वेगळं कळत नाही, केसांची प्रत्येक पिन उपसावी लागते. मी एकाच वेळी अनेक फ्रीक्वेन्सी वापरणारं घेतलं आहे. ते प्रत्येक आवाजाबरोबर धातूचा एक आकडा दाखवतं. तरीही कॅनच्या ॲल्युमिनियमच्या कड्या आणि सोन्याच्या अंगठ्या जवळपास एकाच आकड्यावर वाजतात. कड्या नकोत म्हणून तो आकडा बंद केला की सोनंही बंद. म्हणून मी सगळ्या कड्या काढतो आणि घरी नेऊन कचऱ्यात टाकतो.

पण मशीनपेक्षा माझ्या उपयोगी पडतात ते गुहागरचे आमचे आजोबा. त्यांनी मला उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) शिकवलं, आणि कोकणात लहान मुलांनाही येतो तो हिशेब शिकवला: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे तीन वाजता. इथे पौर्णिमेची भरती बाराला नाही, उन्हाळ्याच्या घड्याळाने साडेआठच्या सुमाराला येते. पण पुढे रोज तीच पाऊण तासाची सरक. साडेआठात आजोबांची पाऊणपट मिळवली की झालं.

दोन वर्षांपूर्वी ऑगस्टात एका रविवारी दुपारी एका ताईंचा फोन आला. बेलमारच्या किनाऱ्यावर कंबरभर पाण्यात लेकाला धरून उभ्या असताना लाट आली, पोराने गळ्यातलं गच्च धरलं, आणि मंगळसूत्र तुटलं. सासूबाईंच्या हातचं, दोन वाट्यांचं. ताई रडत होत्या. म्हणाल्या, "आज संकष्टी, दादा. उपास आहे माझा आणि आजच हे."

संकष्टी म्हटल्यावर मी मनात तीन तास मिळवले. साडेअकराला भरती. "किती वाजता तुटलं?" त्यांना सांगता येईना. "समोर काय दिसत होतं?" निळी छत्री. छत्री संध्याकाळी कुणीतरी मिटून घेऊन जाणार, ती खूण नव्हे. मग त्यांच्या यजमानांना आठवलं की लाटेच्या जरा आधी त्यांनी फोटो काढला होता. मी तो मागवला. वेळ अकरा चाळीस. ताईंच्या उजव्या खांद्यामागे दगडी बांधाचं टोक. यजमान कुठल्या खांबाजवळ उभे होते तेही त्यांना पक्कं आठवत होतं. खांबापासून बांधाच्या टोकाकडे एक रेघ ओढली की ताई त्या रेघेच्या जराशा डावीकडे. म्हणजे ऐन भरतीला कंबरभर पाणी होतं ती जागा. इथे भरती-ओहोटीत साडेचार-पाच फुटांचा फरक पडतो. संध्याकाळी पावणेसहाला तिथे नुसती ओली वाळू असणार होती.

पाच वाजता मी पोहोचलो. जीवरक्षक उठेपर्यंत मी कॉइल खाली टेकवत नाही, म्हणून थांबलो. मग दोरी लावून दोन-दोन फुटांच्या पट्ट्यांनी चालायला लागलो. सहाव्या पट्ट्यात एक मऊ, गोल आवाज आला, कुठेही न फाटलेला. स्कूप भरून वर घेतला, हलवला, वाळू भोकांतून गळून गेली, आणि जाळीत शिंपल्याच्या तुकड्याला टेकून एक वाटी. आत ओली वाळू गच्च भरलेली. ताईंनी ती तळहातावर घेतली आणि आधी करंगळीच्या नखाने तिच्यातली वाळू काढली. मगच चंद्रोदयासाठी घरी गेल्या.

दुसरी वाटी त्या दिवशी सापडली नाही. पोकळ, पातळ पत्र्याची वस्तू अंगठीइतकी सरळ खाली जात नाही, लाट तिला थोडी ढकलते. आणि काळे मणी काचेचे, ते मशीनला ऐकूच येत नाहीत.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे. पाण्यात काही पडलं तर धावाधाव करू नका, पायाने चाचपू नका, जिथे आहात तिथे उभे राहा. किनाऱ्यावर न हलणाऱ्या दोन खुणा धरा, एक समोरची आणि एक बाजूची. कोळी मासे मिळालेली जागा अशीच ध्यानात ठेवतात. घड्याळ बघा. मग मला किंवा माझ्यासारख्या कुणालाही फोन करा, पैसे लागत नाहीत. आणि थंड पाण्यात बोटं आक्रसतात, वर सनस्क्रीन लावलेलं असतं, तेव्हा अंगठी घरीच ठेवा.

सँडी हूकला मात्र मला बोलावू नका. ती केंद्राच्या राष्ट्रीय उद्यान खात्याची जागा आहे, तिथे डिटेक्टर चालत नाही. गावागावांचे नियमही वेगळे असतात, ते आधी विचारावे लागतात. कुणी म्हणतं, गुहागरला घेऊन चला मशीन. तिथे १८७८चा निखात निधी कायदा आजही लागू आहे: जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही मिळालं तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. हौसेने मशीन घेऊन जाणाऱ्यांनी तो आधी वाचावा.

बेलमारच्या त्या बांधापाशी मी दर हिवाळ्यात वादळानंतर जातो. गेल्या फेब्रुवारीत वाळू बरीच कापली होती, शिशाची चार वजनं एका रांगेत मिळाली, बांधापासून वीस पावलांवर. अजून तिथला शिंपल्यांचा थर उघडा पडलेला नाही. ताई दर संकष्टीला मेसेज करतात. मी ओहोटीची वेळ लिहून पाठवतो.